लोकनृत्याचा जीर्णोद्धार करणारे गुरुसदय दत्त



आपल्या ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास गेला, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. ज्याने लाख दिले त्याचे आणि जिने पदराच्या गाठीची नोट सोडून दिली तिचेही देवापाशी सारखेच मोल आहे. देवळाचा इतिहास, जमाखर्च व देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत अन्यत्र दिलेली आहेच. या लेखात आम्ही एका थोर पुरुषाचा परिचय करून देणार आहोत. ते आपल्या भागातले नव्हेत. त्यांनी देऊळही बांधले नाही. पण त्यांच्या चरित्रातून, नव्या सभामंडपात आपण काय करावे याचा चांगला बोध होण्यासारखा आहे.

सभामंडप केवळ बसण्यासाठी नसतो. भजन, कीर्तन, सप्ताह तर तेथे होतातच. शिवाय दिंडी आली की पावल्या पडतात, जत्रेला लेझीम घुमते, धनगर बांधवांचा ढोल वाजू लागला की गजनृत्य उभे राहते, आणि श्रावणात लेकीबाळी झिम्मा-फुगडी घालतात. यांत नाचणारे निराळे आणि बघणारे निराळे असा भेद मुळात नव्हता. ज्याला ठेका कळला तो फेरात शिरला, एवढाच नियम. हे खेळ मागे पडले तर गावाचे नुकसान काय होते, हे ज्यांनी फार पूर्वी ओळखले आणि त्यासाठी आपला हुद्दा व मानमरातब बाजूला ठेवून जे स्वतः पायात घुंगरू बांधून उभे राहिले, ते बंगालचे कै. गुरुसदय दत्त. त्यांचेच हे अल्पचरित्र.

बालपण व शिक्षण

गुरुसदय यांचा जन्म १० मे १८८२ रोजी सिल्हेट जिल्ह्यातील बीरश्री या खेड्यात झाला. सिल्हेट त्या वेळी आसाम प्रांतात मोडत असे; आज तो भाग बांगलादेशात आहे. नद्या, ओढे आणि पावसाळ्यात समुद्रासारखी पसरणारी तळी यांचा तो मुलूख. दत्तांचे घराणे जमीनदाराचे होते; पण मुलाचे बालपण गावातल्या इतर मुलांप्रमाणेच मोकळ्या रानात व पाण्यात गेले. त्या भागात लग्नकार्याला बायका फेर धरून, टाळ्या वाजवीत धामाइल नावाचा नाच करतात. आपल्याकडच्या झिम्म्याची आठवण व्हावी असाच तो प्रकार आहे. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या कानात गावचा ठेका बसला नसता तरच नवल.

अभ्यासात ते अत्यंत हुशार निघाले. सिल्हेटमधील शिक्षण आटोपून ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले आणि तेथून पुढे विलायतेस. विलायतेचा खर्च हा त्या काळी भल्याभल्यांना न पेलणारा. तो भार उचलण्यास सिल्हेटकरांची एक संस्था पुढे आली. आपल्या मुलखातील एक हुशार मुलगा शिकून मोठा व्हावा म्हणून चार लोकांनी पैसा उभा केला. देणगीदार मंडळींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. चांगल्या कामास दिलेला पैसा पुढे कोणत्या रूपाने फळास येईल, हे देताना कोणासच ठाऊक नसते.

केंब्रिज येथे शिकून ते आय. सी. एस. ची कठीण परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले, बॅरिस्टरही झाले, आणि १९०५ च्या सुमारास सरकारी नोकरीत दाखल झाले. आय. सी. एस. म्हणजे इंग्रजी अमदानीतील सर्वांत वरची चाकरी. त्या खुर्चीवर हिंदी माणूस क्वचितच दिसे. साहेबाच्या बरोबरीने बसणाऱ्या अशा अधिकाऱ्याने खेडुतांपासून चार हात दूर राहावे, अशीच तेव्हाची रीत होती.

सहधर्मचारिणी सरोजनलिनी

गुरुसदय यांच्या आयुष्याला वळण लावण्यात त्यांच्या पत्नीचा वाटा फार मोठा आहे. सरोजनलिनी यांचा जन्म १८८७ चा. त्यांचे वडील ब्रजेंद्रनाथ डे हेही आय. सी. एस. अधिकारी होते. बड्या घरची लेक आणि बड्या अधिकाऱ्याची पत्नी असूनही त्यांनी बंगल्यात बसून राहणे पसंत केले नाही. पतीची बदली जेथे होई तेथे त्या गावच्या बायकांना एकत्र आणीत. १९१३ साली पाबना येथे त्यांनी पहिली महिला समिती स्थापन केली. पडद्यातून बाहेर न पडणाऱ्या बायकांनी एकत्र बसावे, शिवणटिपण शिकावे, बाळंतपणातील स्वच्छतेची माहिती घ्यावी, चार अक्षरे वाचावीत, असा या समित्यांचा क्रम असे. आज आपल्याकडील महिला मंडळे व बचत गट जे काम करतात त्याची ही त्या काळातली सुरुवातच म्हणावी.

१९ जानेवारी १९२५ रोजी सरोजनलिनी अकाली निवर्तल्या. वय अवघे सदतीस. पतीवर दुःखाचा डोंगर कोसळला. पण त्यांनी ते दुःख कामात उतरविले. त्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या नावे नारीमंगल समिती स्थापन केली. गावोगावच्या महिला समित्यांना बळ देणे हा तिचा हेतू. त्यांनी लिहिलेले पत्नीचे चरित्र १९२९ साली लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. बायकांना एकत्र आणल्यावर गाव कसे बदलते हे गुरुसदय यांनी पत्नीच्या कामात पाहिले होते. त्यांचे पुढचे कार्य याच अनुभवावर उभे राहिले.

बाणेदार अधिकारी

हे गृहस्थ केवळ कलेचे शौकीन होते असे कोणी समजू नये. १९२८ साली ते हावडा जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर, होते. त्या वर्षी रेल्वे कामगारांचा संप चालू असता बामनगाछी येथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी अधिकाऱ्याने अशा वेळी पोलिसांची बाजू सावरावी हा रिवाज. दत्तांनी तसे न करता गोळीबाराबद्दल पोलिसांना दोष दिला. हा विषय विलायतच्या पार्लमेंटापर्यंत गेला. त्यांची हावड्याहून उचलबांगडी झाली आणि पुढे ते पूर्व बंगालातील मैमनसिंग जिल्ह्यात गेले. बदली हीच त्यांना मिळालेली शिक्षा. पण या बदल्यांमुळेच लोकनृत्याचा खजिना त्यांच्या हाती लागला, हा दैवयोग म्हटला पाहिजे.

लंडनमधील एक उत्सव

दरम्यान १९२९ साली गुरुसदय विलायतेत होते. लंडनच्या अल्बर्ट हॉल या भव्य सभागृहात इंग्लंडच्या लोकनृत्यांचा मोठा उत्सव भरला होता, तो त्यांनी पाहिला. या उत्सवामागेही एका माणसाची तपश्चर्या होती. सेसिल शार्प नावाच्या संगीत शिक्षकाने खेड्यापाड्यांत हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून जुनी गाणी व नाच टिपून घेतले होते. कारखानदारीच्या धामधुमीत इंग्लंडातील खेडी ओस पडत चालली होती आणि त्यांच्याबरोबर नाचही विरत चालले होते. शार्प यांनी १९११ साली त्यासाठी संस्था काढली. ते १९२४ मध्ये वारले, पण शाळांतील मुले, दुकानदार, कारकून अशी साधी माणसे ते नाच नाचू लागली होती.

गुरुसदय यांच्या मनास एक गोष्ट लागली. जे राष्ट्र आमच्यावर राज्य करते, ते आपल्या खेडुतांच्या नाचाचा एवढा अभिमान बाळगते. आणि आमच्याकडे मात्र इंग्रजी शिकलेला माणूस गावच्या नाचाला नाक मुरडतो! नाच म्हटला की त्याला एक तर बैठकीतला नाच आठवतो, नाही तर अडाण्यांचा धिंगाणा. या दोहोंखेरीज घरंदाज माणसांनी, सर्वांनी मिळून, निर्मळ आनंदासाठी करावयाचा नाच म्हणून काही असते, हे तो विसरूनच गेला आहे. परत येताच त्यांनी या कामास हात घातला.

मैमनसिंगचा जारी नाच

१९२९ सालीच मैमनसिंग येथे त्यांनी लोकनृत्य व लोकसंगीतासाठी एक समिती स्थापन केली. त्या जिल्ह्यातील मुसलमान शेतकऱ्यांत जारी नावाचा प्रकार प्रचलित होता. करबलाच्या रणात हुतात्मा झालेल्या हुसेनसाहेबांचा शोक त्यात गायिला जातो. मुख्य गायक मध्यभागी उभा राहून कडवे म्हणतो आणि बाकीचे भोवती फेर धरून, पायांतील घुंगरांच्या तालावर, ध्रुपद उचलतात. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री अशी एका तालात चालू लागली की थकवा कोठच्या कोठे जातो.

आपल्या वाचकांना यात परके काही वाटू नये. मोहरमचे ताबूत महाराष्ट्रातील कितीतरी गावांत हिंदू-मुसलमान मिळून उचलीत आले आहेत. गुरुसदय हिंदू, नाचणारे मुसलमान. पण जिल्ह्याच्या साहेबाने या नाचाला मान दिला, तो चारचौघांसमोर मानाने उभा केला. ज्या काळात हिंदू-मुसलमानांत फूट पडत चालली होती, त्या काळात हे काम किती मोलाचे होते ते सांगावयास नको.

बीरभूमचे रायबेंशे

मैमनसिंगहून १९३० साली त्यांची बदली पश्चिम बंगालातील बीरभूम जिल्ह्यात झाली. येथे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोध लागला. तेथील बाउरी, बागदी, डोम या जमातींतील पुरुष लग्नाच्या वरातीत एक नाच करीत. गावात या मंडळींना मान नव्हता. त्यांची वस्ती वेशीबाहेर, त्यांचे काम मोलमजुरीचे. हे नाचे बायकी घागरे घालून नाचत आणि लोक ते पाहून हसत. नाचाला रायबेशे म्हणत आणि त्याचा अर्थ राधेचा वेष असा लावला जाई. कारण राई म्हणजे राधा. नाव असे, म्हणून घागरा. आणि घागरा, म्हणून हसे, असा तो प्रकार होता.

गुरुसदय यांनी तो नाच नीट निरखून पाहिला. घागऱ्याखालच्या पायांकडे त्यांचे लक्ष गेले. ती पावले बायकी नव्हती. ढोल आणि कांसी यांच्या कडकडाटात हे पुरुष धनुष्य ओढल्याचा, भाला फेकल्याचा, घोडा उधळल्याचा आविर्भाव करीत. उड्या, कसरती, आरोळ्या यांचा जोर तर विलक्षण. उजव्या पायात तोडा. त्यांनी चौकशी केली, जुने वाङ्मय धुंडाळले, आणि असे मांडले की नाचाचे खरे नाव रायबेंशे. ते रायबांश या शब्दावरून आले. आणि रायबांश म्हणजे भाल्याची मजबूत वेळूकाठी. बंगालच्या जुन्या पायदळातील भालाईतांचा हा नाच. राजे गेले, फौजा मोडल्या, शिपायांच्या वंशजांवर मजुरीची पाळी आली, आणि पोटासाठी वरातीत नाचताना वीरांच्या नाचावर घागरा चढला.

आपल्यापैकी अनेकांनी जुन्या दगडी देवळांवर ऑईलपेंटचे थर चढलेले पाहिले असतील. जाणकार कारागीर तो थर हळुवार काढतो, तेव्हा आतून मूळ घडीव दगड बाहेर येतो. त्याला नवा दगड आणावा लागत नाही. गुरुसदय यांनी रायबेंशेचे नेमके हेच केले. घागरे उतरविले, धोतराचा काचा मारावयास लावले, आणि जमातीबाहेरच्या लोकांनीही तो नाच शिकावा असा आग्रह धरला.

पण शिकणार कोण? वकील, मास्तर, सरकारी कारकून यांनी वेशीबाहेरच्या माणसांचा नाच नाचावा, तोही उघड्यावर! लोकलज्जा आड आली. तेव्हा गुरुसदय स्वतः रायबेंशे नर्तकांच्या रांगेत उभे राहिले आणि नाचले. वय अठ्ठेचाळीस, हुद्दा जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत त्यांना गुरू करून साहेब नाचतो आहे, हे दृश्य पाहून लोक थक्क झाले. काहींनी चेष्टा केली, साहेबाला वेड लागले असेही काहींना वाटले असेल. परंतु यामुळे दोन गोष्टी साधल्या. शाळांतील मुले निःसंकोचपणे त्या फेरात शिरली, आणि नाच जपणाऱ्या त्या गोरगरीब मंडळींना प्रथमच गावात गुरूचा मान मिळाला.

व्रतचारी चळवळ

१९३१ साली बीरभूममध्ये त्यांनी ग्रामीण कलाधनाच्या रक्षणासाठी समिती काढली, आणि १९३२ साली व्रतचारी चळवळीचा आरंभ केला. व्रतचारी म्हणजे व्रत आचरणारा. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही पाच व्रते त्यांनी सांगितली. पहिली चार आपल्या साधुसंतांनी व पुढाऱ्यांनी वेळोवेळी सांगितलेलीच आहेत. पाचव्यात मात्र गुरुसदय यांचे वैशिष्ट्य आहे. आनंद हे व्रत आहे, कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले. रडतखडत केलेली ग्रामसेवा टिकत नाही आणि कष्टाशिवायचा आनंद माणसाला बिघडवितो. म्हणून दोन्ही एकत्र हवीत, असा त्यांचा विचार होता.

या चळवळीचे शिबिर कसे असे, ते पाहण्यासारखे आहे. सकाळी कुदळ-फावडी घेऊन सर्वांनी निघावयाचे. तळ्यातील जलपर्णी काढावयाची, झाडोरा तोडावयाचा, रस्ता नीट करावयाचा. कारण बंगालात तेव्हा हिवतापाचा कहर होता आणि साचलेले पाणी हे त्याचे घर. काम चालू असता म्हणावयाची गाणी गुरुसदय यांनी स्वतः रचली. कुदळ चालविण्याचे त्यांचे गाणे तर बंगालभर झाले. मोट हाकताना व जात्यावर दळताना आपल्या पूर्वजांनीही गाण्याचा असाच आधार घेतला होता. काम झाले की नाच. त्यात रायबेंशे होते, ढाल-काठी घेऊन नाचावयाचा जेसोरकडील ढाली नाच होता, आपल्या टिपऱ्यांसारखा काठी नाच होता, जारी होता, झुमुर होते, बाउलांची गाणी होती. मुलींसाठी बंगाली स्त्रियांचे व्रताचे नाच होते. एकाच फेरात ब्राह्मण, बागदी, मुसलमान, अधिकारी, शिपाई उभे राहत. फेराला पहिले स्थान आणि शेवटचे स्थान नसते. त्यामुळे मानपानाचा प्रश्नच उद्भवत नसे.

वैष्णव कीर्तनाचेही त्यांना मोठे अगत्य होते. चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेत खोळ आणि करताल वाजवीत सारा गाव हात उंचावून नाचतो; जमीनदार व कूळ एकाच रिंगणात येतात. आपल्या वारकरी दिंडीचे हे सख्खे भावंडच. भगवद्भक्ती व समाजाचे ऐक्य या दोन्ही गोष्टी नाचाने एकदम साधतात, हे बंगालच्या आणि महाराष्ट्राच्या संतपरंपरेने फार पूर्वी जाणले होते.

चळवळ बंगालभर पसरली आणि प्रांताबाहेरही गेली. शेकडो शाळांतील शिक्षक शिबिरांत तयार झाले. पुढे बांगलादेशाचे ख्यातनाम चित्रकार म्हणून ज्यांचे नाव झाले ते कमरुल हसन हे तरुणपणी या चळवळीतलेच एक कार्यकर्ते होते.

टीका आणि मर्यादा

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्यावरील आक्षेप झाकून ठेवू नयेत. देशात स्वातंत्र्याचा लढा पेटलेला असता एक सरकारी अधिकारी तरुणांना नाचगाण्यात गुंतवितो, हा त्यांना लढ्यापासून दूर ठेवण्याचा डाव तर नव्हे, अशी शंका काहींना आली. बामनगाछीच्या प्रकरणात त्यांनी घेतलेली भूमिका पाहता त्यांच्या हेतूबद्दल संशय घेण्यास फारशी जागा नाही. तथापि सरकारी वरदहस्त असलेल्या कामाकडे त्या काळी लोकांनी सावधपणे पाहिले, यात त्यांचाही दोष नव्हता.

दुसरा आक्षेप कलेच्या जाणकारांचा. शिस्त, गणवेश, ओळीत उभे राहणे यांमुळे गावच्या मोकळ्या नाचाची कवायत होते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. गावातला नाच पिढ्यान्पिढ्या पाहून अंगात भिनतो, तर शिबिरातला नाच आठवड्यात शिकावा लागतो. दोहोंत फरक राहणारच. पण एक गोष्ट विसरता येत नाही. गुरुसदय यांनी हात घातला नसता तर त्यांतील कित्येक नाचांची पावले पुढच्या पिढीला पाहावयासही मिळाली नसती.

संग्रह आणि अखेर

नाचाबरोबर गावातील हातच्या वस्तूही ते जमवीत. जुन्या लुगड्यांच्या धडप्यांवर आज्यांनी टाके घालून केलेल्या कांथा, म्हणजे आपल्या गोधड्यांच्या बहिणी, पटुआ चित्रकारांचे लांबच लांब पट, मिठाईचे नक्षीदार साचे, लाकडी बाहुल्या, देवळांच्या भाजलेल्या मातीच्या शिल्पविटा. दौऱ्यावर जाताना ज्या वस्तूकडे दुसरा अधिकारी ढुंकूनही पाहणार नाही, ती ते आदराने मागून घेत.

कलकत्त्याच्या दक्षिणेस जोका येथे जमीन घेऊन त्यांनी व्रतचारी ग्राम वसविण्यास आरंभ केला. १९४० च्या अखेरीस ते निवृत्त झाले. आता सर्व वेळ या कामास देता येईल असे वाटत असतानाच कर्करोगाने त्यांना गाठले, आणि २५ जून १९४१ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी बंगालचे दोन तुकडे झाले. ज्या मातीत ते जन्मले ते सिल्हेट आणि जेथे त्यांनी जारी नाचाला मान दिला ते मैमनसिंग सरहद्दीपलीकडे गेले. हिंदू-मुसलमानांचा जो फेर त्यांनी धरविला होता तो मोडला. चळवळीचा जोरही पुढे ओसरला; मात्र ती अगदी नष्ट झाली नाही.

बंगालच्या लोकनृत्यांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५४ साली प्रसिद्ध झाला. जोका येथे त्यांच्या संग्रहाचे गुरुसदय संग्रहालय १९६३ साली सुरू झाले. कलकत्त्यातील एका मोठ्या रस्त्यास त्यांचे नाव दिले आहे. परंतु २०१७ साली केंद्र सरकारचे साहाय्य थांबल्यावर हे संग्रहालय मोठ्या अडचणीत आले. यातून आपणासही शिकण्यासारखे आहे. वास्तू उभी करणे हे एक काम आणि ती सांभाळणे हे दुसरे. पहिल्या कामास वर्गणी होते, वाजतगाजत उद्घाटन होते. दुसरे काम रोजचे, बिनबोभाट आणि पिढ्यान्पिढ्यांचे असते.

आपल्यासाठी बोध

गुरुसदय यांच्या चरित्रातून आम्हांस जे वाटले ते थोडक्यात मांडून लेख संपवितो. नाच हा केवळ बघण्याचा झाला की गाव प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक एकमेकांना ओळखतीलच असे नाही. फेरात मात्र शेजाऱ्याच्या पावलाकडे लक्ष द्यावेच लागते. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्याच्याही टिपरीवर टिपरी द्यावी लागते. दिली नाही तर ताल चुकतो. म्हणून ज्या गावात सर्वजण मिळून नाचतात त्या गावात भांडण लवकर मिटते, असे जुने लोक मानीत आले. हल्ली जत्रेत डीजेच्या भिंतीपुढे प्रत्येक जण आपल्यापुरता नाचतो आणि कानठळ्या बसल्या की घरी जातो. पैसा खर्च होतो, पण ओळख वाढत नाही.

आपल्या गावात लेझमीचे डाव, गजनृत्याचे ठेके, फुगडीचे प्रकार, पावल्यांच्या चाली जाणणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. कोणाच्या घरी माळ्यावर लेझीम गंजत पडली असेल, कोणाचा ढोल फुटका असेल. ही मंडळी आहेत तोवर पोराबाळांनी त्यांच्यापाशी बसावे. ते कोणत्या आळीतले, कोणत्या जातीचे, हे पाहू नये. गुरुसदय यांनी पाहिले नाही. शिकविणाऱ्यास नारळ-उपरणे देऊन सभामंडपात मानाने बसवावे. शिकलेल्या, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास असलेल्या बंधूंनी जत्रेस आल्यावर कडेला उभे राहून फोटो काढण्यापेक्षा स्वतः फेरात यावे. पाऊल चुकले तरी हसणारे आपलेच आहेत.

देवाच्या कृपेने व आपणा सर्वांच्या दातृत्वाने मंडपाची फरशी आता पक्की झाली आहे. तिच्यावर सर्व आळ्यांची पावले एका ठेक्यात पडोत, आणि हा ठेका पुढच्या पिढीच्या पायांत उतरो, हीच ग्रामदैवताचरणी प्रार्थना.